काळी तार म्हणजे अर्थिंगची? प्रत्येक गाडीत नाही

आपल्या इंदुरात, रामबागेत काय नि सियागंजात काय, एक समज पक्का बसलाय: गाडीत लाल तार प्लस, काळी अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाणारी), मग वायरिंग डायग्राम, म्हणजे तारांचा नकाशा, हवा कशाला? हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या गाड्यांचं वायरिंग बिघडतं.

होंडाच्या दुचाकींत साधारणपणे अर्थची तार हिरवी असते. काळी तार किल्ली फिरवली की १२ व्होल्ट घेऊन येते! तिला अर्थ समजून चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलं, तर किल्ली लावताच फ्यूज उडणार. यामाहात मात्र काळीच अर्थ, आणि बऱ्याच जर्मन मोटारींत तपकिरी.

डायग्राममध्ये रंगांहून मोलाची असते ती करंटची वाट. एकच इंडिकेटर बंद असेल तर आधी त्याचा बल्ब, होल्डर नि तार बघा. हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर एकदम गेले, तर तिघांच्या वाटा कागदावर कुठे एकत्र येतात ते शोधा. बहुतेकदा एखादा फ्यूज किंवा कनेक्टर सापडतो. मग व्होल्ट मोजायचा मीटर लावा, तेही स्विच चालू ठेवून, कारण गंजलेला जोड लोड आल्यावरच, म्हणजे करंट वाहू लागल्यावरच, व्होल्टेज खातो. डायग्राम मात्र तुमच्याच मॉडेलचा नि त्याच वर्षाचा घ्या.