'भिऊ नको' हे वचन बायबलमध्ये 365 वेळा आहे का?

आजारपणात, नोकरी गेल्यावर हमखास येणारा मेसेज: 'बायबलमध्ये "भिऊ नको" 365 वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक.' पाठवणाऱ्याच्या मनात माया असते. पण हा आकडा खरा नाही.

मोबाइलवरच्या मराठी बायबलमध्ये 'भिऊ नको', 'भिऊ नका', 'घाबरू नको' शोधून पाहा. बेरीज 365 च्या जवळपासही जात नाही. मग सापडलेली प्रत्येक ओळ मागच्यापुढच्या वचनांसह वाचा. सगळीकडे देवच बोलत नाही. शास्ते 4:18 मध्ये (शास्ते या पुस्तकाचा अध्याय 4, वचन 18) याएल नावाची स्त्री पळून आलेल्या शत्रूच्या सेनापतीला, सीसराला, 'भिऊ नका' म्हणून तंबूत घेते आणि पुढे 4:21 मध्ये तो झोपल्यावर त्याला ठार मारते! 2 राजे 17:35 मध्ये तर इतर देवांचे भय बाळगू नका, अशी आज्ञा आहे. अशा ओळी दिलासा म्हणून कशा मोजायच्या?

दिलासा आहेच, आणि भक्कम आहे. यशया 41:10 मधले 'भिऊ नको' संकटातल्या इस्राएलला उद्देशून आहे आणि 'मी तुझ्याबरोबर आहे' हे त्याचे कारणही तिथेच दिले आहे. रोजच्या दिवसासाठी वचन हवे असेल तर विलापगीत 3:22-23 वाचा. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्याच्या शोकातच तिथे म्हटले आहे, की देवाची दया रोज सकाळी नवी होते.