कंपवात, चुंबक आणि खोटं वेटोळं

'शस्त्रक्रिया नाही, गोळ्या नाहीत, चुंबकाने कंपवात बरा' अशा थाटाच्या जाहिराती पाहिल्या की चीड येते. त्यामुळे एक खरोखर सुंदर तंत्र चुंबकीय कडी आणि गाद्यांच्या पंगतीत जाऊन बसतं. कड्यातलं चुंबक स्थिर असतं. वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलत असताना. फॅरेडेने हे १८३१ मध्येच दाखवलं. गादीवर जन्मभर झोपलं तरी एकही चेतापेशी त्याने पेटणार नाही.

टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं) या तंत्रात नेमका हा बदल घडवतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला. सुमारे दोन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र मिलिसेकंदाच्याही अंशात उभं राहतं आणि कोसळतं. कवटी त्याला अडवत नाही. आत मेंदूत विद्युतक्षेत्र तयार होतं, चेतातंतूच्या पटलावरचा विभव (विद्युत दाब) बदलतो, सोडियमची दारं उघडतात आणि संदेश धावू लागतो. वेटोळं योग्य जागी असेल, तर अंगठा आपोआप उडतो!

पण हा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच खोल जातो. कंपवातात (पार्किन्सनच्या आजारात) मरणाऱ्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी तर मध्यमेंदूत, कितीतरी खाली. मग उपयोग कसा? मेंदूच्या बाह्यस्तराचे तंतू खोलवरच्या केंद्रांपर्यंत पोचतात. २००१ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या कपाळामागच्या भागाला स्पंदनं दिली. डोपामिनच्याच ग्राहींवर, म्हणजे डोपामिन जिथे बसतं त्या पेशींवरच्या खुर्च्यांवर, बसणारा किरणोत्सारी रॅक्लोप्राइड त्यांनी टोचला. पेटस्कॅनमध्ये मेंदूत खोलवर असलेल्या कॉडेट केंद्रकात तो कमी चिकटलेला दिसला; म्हणजे त्या खुर्च्या डोपामिनने अडवल्या होत्या.

इथेच खरी मेख आहे. त्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये आढळलं, की औषध मिळेल या नुसत्या अपेक्षेनेही कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. त्यामुळे तसाच आवाज करणाऱ्या खोट्या वेटोळ्याशी तुलना केल्याशिवाय 'बरं वाटलं' या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही. अशा तुलनेत हालचालींमध्ये काही प्रमाणात सुधारणा दिसली आहे, पण ती माफक आणि तात्पुरती. पेशींचा ऱ्हास थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून लेव्होडोपा हे कंपवाताचं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि कानात कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत इलेक्ट्रोड किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर वेटोळं डोक्याला लागण्याआधी ते डॉक्टरांना सांगा.