काटक म्हातारपण आणि पाखाडीवरचं शेवाळ

‘आमच्याकडची म्हातारी माणसं काटक असतात, त्यांना व्यायाम कसला शिकवता?’ हे वाक्य रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठेही ऐकायला मिळतं. ते अगदीच खोटं नाही. उतारावरची घरं, जांभ्याच्या पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, बाजारात जायचं तरी चढ-उतार. पण त्याच पाखाडीवर आषाढात शेवाळ धरतं आणि काटक म्हणवणारी माणसंच तिथे खुब्याचं हाड मोडून घेतात. पायात जोर असतो, पण तो वेळेवर येत नाही. हा ‘वेळेवर’चा भाग समजून घेण्यासारखा आहे.

स्नायू म्हणजे हजारो तंतूंचा जुडगा, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. मज्जारज्जूतली एक चेतापेशी या तंतूंच्या एका गटाला हुकूम देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत असा गट दहा-पंधरा तंतूंचा असतो, पोटरीत दीड-दोन हजारांचा. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. काही युनिटं मंद असतात, जोर कमी पण तासन्‌तास न दमणारी. काही जलद असतात, जोर मोठा, आकुंचन साधारण निम्म्या वेळात, पण लवकर दमणारी.

साठीच्या पुढे या चेतापेशी एकेक करून मरत जातात, त्यात जलद युनिटांना जास्त फटका बसतो. मागे राहिलेले तंतू पोरके होतात. मग शेजारच्या जिवंत चेतापेशीला नवा फाटा फुटतो आणि ती त्यातल्या काहींना आपल्याशी जोडून घेते. वादळात एक डीपी गेला की वायरमन चार घरं शेजारच्या डीपीवर टाकतो, तसंच. ज्यांना जोडणी मिळत नाही ते तंतू झिजून नाहीसे होतात. लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली १५ ते ८३ वयाच्या ४३ मृत पुरुषांच्या मांडीचा स्नायू तपासला. विशीपासून ऐंशीपर्यंत त्याचा आकार सुमारे ४० टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि घट मुख्यतः तंतूंची संख्या कमी झाल्यामुळे होती.

खरी गंमत पुढे आहे. तंतू मंद की जलद, हे बरंचसं त्याला मिळालेली चेतापेशी ठरवते. बुलर आणि एक्लस बापलेक यांनी १९६० साली मांजरांच्या पायातल्या जलद आणि मंद स्नायूंच्या नसा कापून अदलाबदल करून जोडल्या, तर स्नायूंनी आपला वेग बदलला! म्हातारपणी मंद चेतापेशीने दत्तक घेतलेला जलद तंतूही असाच मंद होतो. तरुण स्नायूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्ही जातींचे तंतू मिसळलेले दिसतात. म्हाताऱ्या स्नायूत एकाच जातीचे पुंजके दिसू लागतात.

आता चालण्याकडे येऊ. हेनेमन यांनी १९५७ साली दाखवलं की चेतापेशी आकाराच्या क्रमाने कामाला लागतात. आधी लहान, म्हणजे मंद युनिटांच्या. मोठ्या, म्हणजे जलद, जोर जास्त लागला तरच. म्हणजे सपाट रस्त्यावरून गप्पा मारत रोज फेरी मारली की हृदयाला फायदा होतो, साखर आटोक्यात राहते, पण जलद युनिटं जवळपास झोपलेलीच राहतात. पूर्वी रहाट ओढताना, हंडा उचलताना, भाताचे भारे खळ्यात आणताना ती जागी व्हायची. आता पंप आहे, गॅस आहे, आणि गणपतीला आलेले चाकरमानी बजावून जातात, ‘बाबा, तुम्ही काही उचलू नका.’ त्यांची माया कळते, पण स्नायूंना ती बाधते.

जलद युनिटांना उठवायला वजनच हवं असं नाही. डेस्मेट आणि गोदो यांनी १९७७ साली नडगीपुढच्या, पावलाचा पुढचा भाग वर उचलणाऱ्या स्नायूवर प्रयोग केले. सावकाश हालचालीत मोठ्या जोरावरच उठणारं युनिट, हालचाल झटक्यात केली की बऱ्याच कमी जोरावर कामाला लागतं. तोल सावरायला नेमका असलाच झटका लागतो.

मेलेली चेतापेशी व्यायामाने परत येत नाही. उरलेल्या तंतूंकडून मात्र पुष्कळ काम करून घेता येतं. बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या माणसांना फियातारोने यांनी आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा शोधनिबंध १९९० चा आहे, तरी आपल्याकडे ‘वय झालं, आता बसून राहा’ चालूच आहे.

शंभरीच्या रहस्यांचे मेसेज मात्र जोरात फिरतात. अमुक बेटावरची माणसं, तमुक पाला, पाण्यातली खनिजं. अतिदीर्घायुष्याच्या अशा नोंदी बऱ्याचदा जन्मदाखले धड नसलेल्या भागांतून येतात, हे दाखवणाऱ्या संशोधक सॉल न्यूमन यांना २०२४ चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. मास्तरांनी अंदाजाने १ जून जन्मतारीख लिहिलेली अख्खी पिढी ज्यांनी पाहिली, त्यांना याचं नवल वाटू नये. सांध्यांच्या महागड्या चूर्णांबद्दल तर न बोललेलं बरं.

जेवणाबद्दल थोडक्यात. म्हाताऱ्या स्नायूला प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम. रात्री नुसती पेज आणि लोणचं घेऊन ती भरत नाहीत. बांगडा, तारली, कुळथाची पिठी, अंडं, जे चालत असेल ते दोन्ही वेळच्या ताटात हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

घरी एक चाचणी करता येते. बिनहाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घाला आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. कुणीतरी शेजारी असू द्या. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा आणि बायकांना १० पेक्षा कमी जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात. हीच चाचणी व्यायाम म्हणूनही चालते. उठायचं झटक्यात, बसायचं सावकाश, एक दिवसाआड. छातीत दुखत असेल, उठल्यावर चक्कर येत असेल, तर आधी तपासणी. आणि पावसाळ्यात ओल्या पडवीत ही खुर्ची मांडू नका.