अरुंद ओढ्याला आखूड कयाक? एक खुलासा

"ओढा अरुंद, मग बोट जितकी आखूड तितकी बरी" हा कयाकबद्दलचा (वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती बोट) समज बेळगाव-खानापूरकडच्या पोरांमध्ये वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा आहे.

साधारण ६ फुटी प्लेबोट ही आखूड कयाक लाटेवर गिरक्या घेण्यासाठी असते. तिची टोकं मुद्दाम चपटी ठेवतात, पाण्याखाली सहज जावीत म्हणून. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या तीव्र उताराच्या ओढ्यात हाच गुण घात करतो. टोक खडकांच्या फटीत शिरून अडकतं आणि मागून येणारा लोंढा बोट तिथेच दाबून धरतो. धबधब्याच्या पायथ्याशी तर पाणी उलटं फिरतं, कमी फुगीर बोट त्यात पटकन खेचली जाते.

क्रीक बोट, म्हणजे अशा ओढ्यांसाठीच बनवलेली कयाक, ८ ते ९ फुटी, चांगली फुगीर, गोल टोकांची. तळाला बाक देऊन नाक वर उचललेलं असल्याने उडीनंतर ती लवकर वर येते, आणि तळाच्या त्याच बाकामुळे झटकन वळतेही.

घेताना उत्पादकाने दिलेली वजनमर्यादा बघा. त्यात स्वतःबरोबर थ्रोबॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी), प्रथमोपचाराची पेटी, ओले कपडेही धरा. दांडेलीला काळी नदीत राफ्टिंग केलं म्हणजे ओढ्याची तयारी झाली, असं मात्र मुळीच नाही. तिथलं पात्र रुंद आणि पाणी धरणातून सोडलेलं असतं.