सोनगडच्या पलीकडचं उच्छल

बडोद्याच्या मराठी घरांत सोनगडचं नाव आपुलकीनं निघतं. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास तिथं ठाणं मांडलं आणि बडोदं हाती येण्याआधी गायकवाडांचा कारभार तिथूनच चाले. नवापूरच्या वाटेवर त्यापुढं लागणारं उच्छल मात्र आपल्या लेखी नुसतं येता-जाता दिसणारं गाव. ते अन्यायाचं आहे, कारण सीमा या गावाच्या एका बाजूनं उठून दुसऱ्या बाजूला गेली आहे.

इथली महाराष्ट्र-गुजरात सीमा १ मे १९६० ला आखली गेली, असा सर्वसाधारण समज. हे अर्धंच खरं. सीमा आधीही होती, पण उच्छलच्या पश्चिमेला. सोनगड बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात, तर उच्छल नवापूरबरोबर इंग्रजी खानदेशात, १९०६ नंतर पश्चिम खानदेशात. सयाजीराव महाराजांनी १८८५ च्या सुमारास सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली, आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. रानातल्या पाड्यांपर्यंत ती सक्ती किती पोचली हा वेगळा प्रश्न, पण कायदा तरी होता. इंग्रजी हद्दीत तोही नव्हता. १९१८ साली आला तो नगरपालिकांपुरता, म्हणजे उच्छलच्या पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही. गामीत, कोकणी, वसावा या आदिवासी समाजांच्या सोयरिकी दोन्हीकडं आणि शाळेचा हक्क एकीकडंच, ही गोष्ट मला फार लागते.

१ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि जुनी सरहद्द नुसती जिल्ह्याची हद्द उरली. अकरा वर्षांनी राज्य विभागलं तेव्हा नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावं गुजरातला देऊन सोनगड तालुक्यालाच जोडली. शतकभर ज्या सोनगडाकडं परमुलूख म्हणून पाहिलं, तेच उच्छलचं तालुक्याचं गाव झालं! उकाई धरणाचं पाणी पसरायचं होतं ते याच पट्ट्यात. धरण १९७२ मध्ये पुरं झालं आणि तापीकाठची कितीतरी गावं बुडाली. डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा हा वाद सगळ्यांना आठवतो, या गावांचं कुणी बोलत नाही. पुढं उच्छल स्वतंत्र तालुका झाला, आणि २००७ पासून तो तापी जिल्ह्यात आहे.

सरकलेली सीमा आता नवापूर स्टेशनातून जाते. स्टेशन तापी व्हॅली रेल्वेच्या काळातलं, सीमा नंतरची. सुमारे ८०० मीटरच्या फलाटापैकी ३०० मीटर महाराष्ट्रात, बाकी गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातेत जायचं. एका बाकाचेही दोन राज्यांत दोन भाग झाले आहेत.

या टापूची जुनी माहिती हवी असेल, तर सोनगडसाठी बडोदे संस्थानचं १८८३ चं गॅझेटिअर काढावं. उच्छलकडच्या भागासाठी मात्र १८८० चं खानदेशचं.