गावचा महायुद्ध-फलक

पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढेच सांगणारा, ब्रिटिश अमलात बसवलेला लहान संगमरवरी फलक. ज्या गावांतून पलटणीत मोठ्या संख्येने भरती झाली, तिथे तो चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत आढळतो. महाराष्ट्रात सातारा, पुणे, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात असे फलक आहेत. पंजाबातही हाच साचा दिसतो. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. त्याचा अर्थ असा : या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बाकी मजकूर ठरलेला, बदलतात ते फक्त दोन आकडे.

फलकावर नाव एकही नसते. आपल्याकडच्या वीरगळावरही नाव क्वचितच असते, पण तिथे निदान माणूस दिसतो : खालच्या चौकटीत लढणारा, वर अप्सरांनी नेलेला, सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला. महायुद्ध-फलकावर माणसाचा फक्त आकडा झाला आहे. म्हणून त्या दोन आकड्यांतला एक जरी पुसला किंवा चुकीचा रंगवला गेला, तरी फलकातून उरण्यासारखे फार थोडे राहते.

शेवटचे वर्ष १९१८ ऐवजी १९१९ का, हा प्रश्न नेहमी पडतो. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाली. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा, आणि फलकावर तहाचे वर्ष धरले आहे. ‘सैनिक’ न लिहिता ‘पुरुष’ लिहिले आहे, तेही ध्यानात ठेवावे. या युद्धासाठी हिंदुस्थानात सुमारे १४ लाख माणसे भरती झाली आणि त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होती : खेचरवाले, हमाल, भिस्ती, आचारी, मजूर. मरण पावलेल्यांचा एकूण आकडा ७४,००० च्या आसपास धरला जातो.

मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला मोठी हानी सोसून ही फौज कुत-अल-अमारापर्यंत मागे आली आणि ७ डिसेंबरपासून तिथे तुर्की सैन्याकडून वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. ताजी भाजी नव्हती. घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपाई धर्मामुळे दीर्घकाळ तयार नव्हते. त्यांच्यात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) पसरला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली आणि तिन्ही मराठा पलटणी एकाच दिवशी कैदेत गेल्या. त्यानंतरचे मृत्यू वाळवंटातल्या पायपिटीत, कैद्यांच्या छावण्यांत आणि रेल्वेच्या कामावर झाले. अशा माणसांच्या मृत्यूची तारीख आणि जागा कागदावर नीट सापडत नाही, याचे मूळ इथे आहे. १०५, ११४ व ११६ या मराठा पलटणीही याच आघाडीवर लढल्या. १९१७ मध्ये उभी केलेली १११ महार ही पलटण युद्ध संपताच काही वर्षांत मोडण्यात आली.

बसरा येथील स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडाच दिला गेला. गावात जे झाले तेच बसऱ्यातही झाले. अशा असमान वागणुकीबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (युद्धमृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणारी संस्था) एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकावर (२०१९) स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे आहेत. १९१४ ची माणसे त्यात बसत नाहीत. साम्राज्याने आकडा ठेवला आणि स्वतंत्र देशाने त्यांना परक्याच्या फौजेतले मानले. ही माणसे विस्मृतीत जाण्याचे दुसरे कारण शोधायला नको. साताऱ्याजवळचे अपशिंगे (मिलिटरी) हे गाव याला ठळक अपवाद. तिथले ४६ जण या युद्धात पडले आणि ती संख्या गावाच्या तोंडी आहे.

फलक वाचणे. अक्षरे झिजली असली तरी त्यांत खडू, हळद किंवा पीठ भरू नये; त्यातले कण दगडाच्या रंध्रांत अडकतात आणि पिठावर बुरशी धरते. अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश तिरपा पाडावा. खोदलेल्या रेषेत सावली साचते आणि अक्षर उठून दिसते. डावी, उजवी, वरची, खालची अशा चारही बाजूंनी प्रकाश टाकून प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावे, कारण प्रकाशाला समांतर गेलेली रेघ त्या छायाचित्रात लपते. इंग्रजी १ आणि ७, तसेच ३ आणि ८, यांत सर्वाधिक घोटाळा होतो. पूर्वी कोणी रंग भरला असेल तर रंगाऐवजी खोदकामावर भरवसा ठेवावा.

सफाई. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागताच ते विरघळते. फरशी किंवा संडास धुण्याचे ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही लावले की दगड तासाभर पांढराशुभ्र दिसतो, पण वरचा गुळगुळीत थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिक धरते. तारेच्या ब्रशने ओरखडे पडतात, शिवाय त्याचे लोखंडी कण गंजून डाग उमटतात. साधे पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि सबुरी पुरते. दगड आधी भिजवावा, घासताना खालून वर जावे. वरून सुरुवात केली तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. दगडफूल आणि चुन्याचे पापुद्रे ओले करून लाकडी किंवा बांबूच्या चपट्या काडीने सोडवावेत.

सर्वांत मोठे नुकसान भक्तिभावानेच होते. देवळाच्या रंगकामात फलकावरही ऑइलपेंटचा हात फिरतो. भिंतीतली ओल मग बाहेर पडू शकत नाही, क्षार रंगाखाली साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जीर्णोद्धारात फलक उपटून नव्या भिंतीत सिमेंटने बसवला की तेच होते, त्यात काढताना कोपरे तुटतात. सांधे चुन्याच्या गिलाव्याने भरावेत : एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. लोखंडी पट्ट्या असल्यास बदलून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्यात, कारण गंजताना लोखंड फुगते आणि दगड तडकवते. धरणात गाव गेले असेल तर फलकाचा शोध पुनर्वसित वसाहतीत घ्यावा.

आकड्यावरून नावाकडे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरील नोंदी खुल्या आहेत. भारतीय सैन्य निवडून पलटण आणि काळ टाकावा. पुष्कळ नोंदींच्या जादा माहितीत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा सापडतो. जिल्हे त्या काळचे असतात. आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, रायगडला कुलाबा म्हणत, आणि खेड हा तालुका पुणे व रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत असल्याने तिथे हमखास फसगत होते. रोमन लिपीत द-ड, त-ट, न-ण एकच होतात, म्हणून प्रत्येक नाव तीन-चार तऱ्हांनी शोधावे; आडनाव नसेल तर नुसत्या नावाने. पंजाबची भरतीची रजिस्टरे अलीकडे खुली झाली आहेत, पण मुंबई इलाख्यातल्या गावांना त्यांचा उपयोग नाही.

घरातली पदके अधिक बोलतात. युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. ते चांदीचे असल्याने पुष्कळ घरांत अडचणीच्या वेळी सोनाराकडे गेले. हमाल व मजूर तुकड्यांना तेच काशाचे मिळाले. मृताच्या वारसाला सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची थाळी मिळे. तिच्यावर हुद्दा नसतो, नाव मात्र उठावात असते.

सापडलेली नावे आणि फलकाचा आकडा क्वचितच जुळतो. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरते, फलक १९१९ ला थांबतो. वाडी वेगळी धरली की मूळ गावात, हेही नोंदीनोंदीत बदलते. नावांची नवी पाटी लावायची झाल्यास ती जुन्या फलकाशेजारी स्वतंत्र बसवावी, मूळ दगडावर काही कोरू नये, आणि पुढे सापडणाऱ्या नावांसाठी खाली दोनचार ओळी मोकळ्या ठेवाव्यात.