लक्षद्वीपला डायव्हिंगसाठी जायचंय? आधी बेट ठरवा, मग परवाना

लक्षद्वीप भारतातच आहे, तरी नुसतं तिकीट काढून तिथे जाता येत नाही. १९६७ च्या नियमांनुसार बेटांचा रहिवासी नसलेल्या भारतीयालाही प्रवेश परवाना काढावा लागतो. बेटं ३६, वस्ती त्यांतल्या १० बेटांवर आणि सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांची जमीन आणि गोडं पाणी बाहेरच्यांच्या लोंढ्यापासून जपायचं, तर अशी चाळणी हवीच, असं माझं मत.

अर्जात नुसतं ‘लक्षद्वीप’ लिहून भागत नाही, बेटाचं नाव द्यावं लागतं. परवाना मिळतो तो त्या बेटापुरता आणि त्या तारखांपुरता. डायव्हिंग हाच मुख्य हेतू असेल तर अगत्ती, बंगारम, कदमत किंवा कवरत्ती. इतिहासाची ओढ असेल तर कवरत्तीच्या उझरा मशिदीतलं लाकडी कोरीवकाम आणि मिनिकॉयचा १८८५ सालचा दीपस्तंभ चुकवू नका. दोन्ही साधायचं असेल तर सगळी बेटं अर्जातच घाला. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे इथे चालत नाही. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर पासपोर्ट-व्हिसा लागतोच, शिवाय त्याला अगत्ती, बंगारम आणि कदमत एवढीच बेटं खुली आहेत.

अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर भरायचा. फोटो आणि ओळखपत्र हाताशी असतंच. वेळ खातं ते पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात त्याचाही अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी तुमच्या पोलीस ठाण्यातून होते. त्यामुळे सुट्टी मंजूर झाली की सगळ्यात आधी हे काम हातात घ्या. आमच्या गटातल्या एकाच्या आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आणि प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षर होतं. तेवढ्यासाठी अर्ज परत आला आणि आठवडा गेला. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे अक्षर अन् अक्षर जुळवून पाहा.

अर्जाचं शुल्क माणशी ५० रुपये. त्याशिवाय वारसा शुल्क आहे : १८ वर्षांवरील व्यक्तीला २०० रुपये, १२ ते १८ वयोगटाला १०० रुपये. पॅकेज घेतलंत तर अर्जाची बाजू बहुधा आयोजकच सांभाळतो. प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ सहल कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉयला नेते, पण दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर. फिरायला झकास, डायव्हिंगचा कोर्स करायला मात्र अपुरी.

परवान्याच्या दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवा. बेटावर उतरल्यावर पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबण्यात अर्थ नाही.

डायव्हिंग केंद्र वेगळे कागद मागतं. सर्टिफिकेशन कार्ड (डायव्हिंगचा कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड) असेल तर ते आणि लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही) न्या. पहिल्यांदाच उतरत असाल तर वय निदान १० वर्षं हवं. शिवाय आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते : दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन वगैरे. गंभीर प्रश्नाला ‘हो’ म्हटलंत की डॉक्टरांची सही लागते आणि ती बेटावर मिळेल या भरवशावर राहू नका. प्रश्नावली घरीच डाउनलोड करून भरा, गरज असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून सही-शिक्का घेऊन निघा. खोटं ‘नाही’ लिहू नका. पाण्याखाली १२ मीटरवर धाप लागली तर तो कागद तुम्हाला वर आणणार नाही.

आता तारखा. कोचीहून अगत्तीला लहान विमान जातं, जहाजाला १४ ते २० तास लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून ऑक्टोबर ते मे हाच मोसम. परतीचं विमान असेल तर लागोपाठ डाइव्ह केल्यावर निदान १८ तास उडायचं नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. शेवटचा दिवस डायव्हिंगविना कोरडा ठेवायचा, म्हणजे परवान्याचे दिवस मोजताना तो एक जास्तीचा धरा.

परतताना बॅगेत प्रवाळाचा तुकडा नको, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेलासुद्धा नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.